एक छप्पर, एक राजा

टॉडमॉर्डन
१४ सप्टेंबर १९७६

नदीच्या राजास,

डोंगराच्या राजाकडून. मॉरिसच्या नियमावलीत राणी नाही, त्यामुळे लोकरीचं दुकान चालवणाऱ्या माझ्यासारख्या बाईलाही राजाच म्हणायचं. हसू नकोस, क्लेम. तू हसतोयस हे मला इथे बसून कळतं.

काल आपल्या टपालखेळाच्या मासिकाचा, मॉरिसच्या ‘खलिता’चा, अंक आला. नव्या डावाच्या चिठ्ठ्या निघाल्यात. पाच मुकुटांपैकी डोंगर माझ्याकडे आणि नदी तुझ्याकडे. म्हणजे आपण शेजारी. वीस वर्षं एका पलंगावर झोपलो, आणि शेजारी व्हायला ही वेळ यावी लागली! इतकी वर्षं मॉरिसने आपल्याला कधी एका डावात घेतलं नाही. एक छप्पर, एक राजा. ल्यूटनच्या त्या दोन भावांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगनमत करून बाकीच्या तिघांना गिळलं, तेव्हापासूनचा नियम. आता तुला हेरफर्डला तुझं वेगळं छप्पर आहे, तेव्हा नियमाची अडचण उरली नाही. मॉरिसने अंकाच्या कोपऱ्यात हाताने लिहिलंय, ‘डोरीनबाई, हरकत असल्यास कळवा.’ मी कळवलं, मला कसली हरकत? त्यालाच विचारा.

आता कामाचं. तुझ्या-माझ्या राज्यांमध्ये एकच घाट आहे. तो दोघांनी मोकळा ठेवायचा. तू मिठाच्या राजाकडे बघ, मी वनाच्या राजाकडे बघते. बेटावर तो नॉरिचचा पाद्री आहे, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपोआप बुडेल. मान्य असेल तर लिही. वचन पाळायचंच असं नाही हे मला माहीत आहे. महिनाभर एकमेकांना गोड गोड पत्रं लिहायची आणि शेवटच्या दिवशी मॉरिसला गुपचूप भलतेच हुकूम धाडायचे, याला शेजारची मेव्हिस ‘टपालातून लबाडी’ म्हणते. आपल्याला ती आवडते म्हणून तर आपण खेळतो.

शिडी पाहिलीस ना? पर्थच्या म्हाताऱ्याने यंदाची क्रमवारी लावलीय. सगळ्यात वरची पायरी रिकामी, कारण कर्नल डेनहॅम आता मधमाश्या पाळणार आहेत. दुसऱ्या पायरीवर तू. तिसऱ्यावर मी. या डावात जो जिंकेल तो वर जाईल हे उघड आहे. मला वर जायचंय, क्लेम. तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर रडायला नको.

आणि एक. त्या अंकात रोझलिंड पीक नावाच्या बाईचं पत्र छापलंय. ‘क्लेम ऑर्मरॉड यांनी मला नऊ पानी पत्र लिहून बचावाची कला शिकवली.’ नऊ पानी! मला तू जुलैत पोस्टकार्ड पाठवलंस. त्यावर गाय होती.

डोरीन


टॉडमॉर्डन
२ नोव्हेंबर १९७६

क्लेम,

तुझं पत्र मिळालं. एक पान, तेही ओळींमध्ये बैल शिरेल एवढी जागा सोडून टाइप केलेलं. घाट मोकळा ठेवायचं तू मान्य केलंस, त्याबद्दल आभार. शेवटी लिहिलंयस, ‘डोर, तू अजून रागानेच खेळतेस. रागाने खेळणारा दुसरी पायरी चढत नाही.’

हेच. अगदी हेच वाक्य तू त्या सकाळी जेवणाच्या टेबलावर म्हणालास. बुटांचा कारखाना बंद पडून महिना झाला होता, हेरफर्डच्या सायडरवाल्यांचं, त्या सफरचंदाची दारू करणाऱ्यांचं, बोलावणं तुझ्या खिशात होतं, आणि तू बोलत होतास शिडीवर! मी म्हटलं, ‘जायचं तर जा.’ तू म्हणालास, ‘सहाच महिन्यांचा प्रश्न आहे, तू दुकान बंद करून चल.’ मी म्हटलं, आईचं दुकान मी बंद करणार नाही. तू बॅग भरलीस. टाइपरायटर आधी भरलास, मग कपडे. सहा महिने कधीच होऊन गेले.

असो. डाव बरा चाललाय. वनाच्या राजाला मी दोन महिन्यांत अर्धा कापला. तूही मिठागरं घेतलीस. लोक म्हणतात, ऑर्मरॉड नवरा-बायको वेगळे झाले तरी कात्री एकच आहे. मॉरिसने अंकात तसं छापलंसुद्धा.

पण त्याच अंकात पानभर रोझलिंड! शिडीवर एका वर्षात चाळिसाव्या पायरीवरून अकराव्यावर. कानामागून आली आणि तिखट झाली. मॉरिस लिहितो, ‘या हंगामातलं सर्वांत तल्लख डोकं.’ आणि ही तल्लख डोक्याची बाई काय लिहिते? ‘माझे गुरू क्लेम.’ अरे वा! मला घरच्या टेबलावर ‘पाच मुकुट’ शिकवताना तू पहिल्या डावात माझी राजधानी घेतली होतीस आणि वर म्हणाला होतास, असंच शिकायचं असतं. तिला नऊ पानं.

मेव्हिस काल पाच नोव्हेंबरच्या शेकोटीसाठी पार्किन, आपला आल्याचा केक, भाजून घेऊन आली. आल्याचा वास घरभर. मी अंक आपटला तशी म्हणाली, ‘अगं बाई, नवरा तुझा की शिडी तुझी? कशावर जळतेस ते एकदा ठरव तरी!’

मी म्हटलं, ‘दोन्हींवर.’

‘मग चांगलंय,’ ती म्हणाली, ‘या थंडीत कोळसा वाचेल.’

मी हसले नाही. तुला सांगते, मला खरंच पोटात दुखतं. ती तुला ज्या दिवशी लिहिते त्या दिवशी तू जेवताना तिचं पत्र पाण्याच्या भांड्याला टेकवून वाचत असशील. माझी पत्रं तू तशीच वाचायचास, लग्नाआधी. तुझ्या आईने सांगितलं होतं.

डोरीन

ता.क. मेव्हिसच्या घरी फोन करू नकोस. मागच्या वेळी तिच्या घरातल्या बोळकांडीत उभं राहून मला काही बोलता आलं नाही, म्हणून मी ठेवून दिला. रागाने नव्हे.


टॉडमॉर्डन
११ डिसेंबर १९७६

ऑर्मरॉडसाहेब,

ताकाला जाऊन भांडं लपवू नये माणसाने.

आज ‘खलिता’ आला. शेवटचं पान. ‘पत्ते बदल.’ मिस रोझलिंड पीक, लडलो येथून हेरफर्डला. रस्त्याचं नाव, घराचा नंबर, सगळं.

इतर कुठे वाचलं असतं तर मी म्हटलं असतं, कुणीतरी खोडी काढली. अंकातल्या ‘बाजारगप्पां’मध्ये तर कुणीही काहीही छापतं, राजे मरतात काय, पळून जातात काय. पत्रांत आपण सगळेच खोटं बोलतो. पण पत्ते बदल खोटं नसतं. ग्रिम्सबीच्या त्या माणसाने आपल्या शत्रूचा पत्ता बदलल्याची थाप छापवली आणि त्या बिचाऱ्याची तीन महिन्यांची पत्रं कॉर्नवॉलमधल्या डुक्करवाल्याकडे जात राहिली, तेव्हा काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिडीवर त्याच्या नावाला काळी रेघ आहे, आणि खेळाडूंच्या भेटीगाठींना कुणी त्याला बिअर पाजत नाही. आपल्या या सगळ्या लबाडीत तेवढं एक पान खरं असतं. आणि तेच पान मला सांगतंय की ती तुझ्या गावात राहायला आली!

इंग्लंडमध्ये गावं काय कमी आहेत?

तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान उघडं होतं, मिसेस हॅलोवेल पाळण्यातल्या बाळासाठी पिवळी लोकर निवडत होत्या. मी त्यांना निळी बांधून दिली. त्या म्हणाल्या, ‘डोरीन, बरं नाही का?’ मी म्हटलं, ‘नदीकाठी ओल फार आहे.’ त्या तशाच निळी घेऊन गेल्या.

कामाचं: मी घाटात सैन्य घातलंय. हुकूम सकाळीच मॉरिसकडे गेले. वचन मोडलं म्हणून बोंब मारायची असेल तर मार. तुझ्याकडे पत्र पोचेल तोवर हुकुमांची मुदत संपलेली असेल.

आणि नाताळची तुझी भेट. बाटलीच्या रंगाचा स्वेटर विणत होते. पाठ झाली होती, पोट झालं होतं, एक बाही झाली होती. ती बाही आज उसवली. बाहीचं काय ते तिच्याकडून विणून घे.

डी. ऑर्मरॉड


टॉडमॉर्डन
२० फेब्रुवारी १९७७

क्लेम,

तू उत्तर लिहिलंस. अडीच पानं. म्हणजे मी घाटात सैन्य घातलं की मला पानं मिळतात, असा हिशेब दिसतो.

तू म्हणतोस, रोझलिंडचं लग्न ठरलंय. मुलगा दातांचा डॉक्टर, नाव वेस्टाकॉट, दवाखाना हेरफर्डला, म्हणून ती तिकडे आली. तू तिला दोनदाच भेटलास आणि दोन्ही वेळा तो हजर होता, शिवाय त्याने तुझी दाढ पाहून फुकट सल्ला दिला. वाचताना माझा जीव थोडा भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू? मग वाटलं, हे पत्र आहे. नदीच्या राजाचं पत्र आहे, आणि डोंगराचं सैन्य त्याच्या दारात उभं आहे. अशा वेळी मी असते तर मीही एक दातांचा डॉक्टर तयार केला असता.

डाव आता आपल्या दोघांतच उरलाय. वन संपलं, मीठ संपलं. बेटावरच्या पाद्र्याकडे एक होडी आहे आणि तो ती फिरवत बसतो. मॉरिस लिहितो, इतकं चिडलेलं युद्ध ‘खलिता’त पूर्वी झालं नाही, वाचक वाढलेत. वाढू देत.

‘बाजारगप्पां’मधल्या त्या ओळीचं तू विचारलंस. ‘नदीच्या राजवाड्यात नवी राणी आली असून ती बचावाची कला पलंगावर शिकते.’ खाली नाव नव्हतं. तू लिहितोस, ‘ती ओळ तुझी होती, डोर. नाव नसलं तरी मी तुझे टाके ओळखतो.’

हो, माझी. आणि त्यापुढे आणखी एक ओळ होती, ती मॉरिसने कापली आणि मला लिहिलं, ‘बाईसाहेब, मी अंक छापायची स्टेन्सिल कापतो, लोकांची घरं नाही कापत.’ मेव्हिसला दाखवलं तर ती पहिल्यांदाच हसली नाही. म्हणाली, ‘ती पोरगी कोण कुठली, तिने तुझं काय घोडं मारलंय? लग्न तोंडावर असलं तर तिच्या सासूने हे वाचलं म्हणजे?’

मी म्हटलं, ‘सासू “खलिता” वाचत नाही.’

‘सासवा सगळं वाचतात,’ मेव्हिस म्हणाली.

मला लाज वाटली. तुझ्याजवळ कबूल करते, तिच्याजवळ करणार नाही. ती बत्तीस वर्षांची आहे. तिची पत्रं वाचून तू हसतोस. इथे संध्याकाळी सहाला दुकानाची जाळी ओढली की मग माझ्याशी बोलायला बीबीसीचा हवामानवाला. आणि तो तरी काय सांगणार, डोंगरावर पाऊस.

तू अडीच पानांत कुठेही ‘परत येतो’ असं लिहिलेलं नाहीस. दोनदा वाचून पाहिलं.

डोरीन


टॉडमॉर्डन
१६ एप्रिल १९७७

क्लेम,

तुझं मंगळवारचं पत्र माझ्यासमोर आहे. उजव्या हाताला मॉरिससाठीचे हुकूम, डाव्या हाताला चहा. चहा गार झालाय.

तू लिहितोस, ‘डोर, मी घरी येऊ का? सायडरवाल्यांकडे मी नोकरी सोडण्याची चिठ्ठी दिली आहे. हॅलिफॅक्सला बसच्या आगारात हिशेबनीस हवाय, तिथे बोलून ठेवलंय. मी इथे दीड वर्ष किटलीत दोघांचं पाणी घेतोय आणि अर्धं ओतून देतोय. तुला विचारायची हिंमत होत नव्हती. घाटात तू सैन्य घातलंस तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तुला अजून माझं काहीतरी वाटतं.’

मग लिहितोस, ‘नियम तुला माहीत आहे. एका छपराखाली आलो की एकाला डाव सोडावा लागेल. ते आपण बघू.’

आपण बघू!

क्लेम, मी हे पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जिन्यावर बसून रडले, मिसेस हॅलोवेल दारावर टकटक करत होत्या तरी उठले नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा डोळे पुसले आणि नकाशा उघडला. तुझी राजधानी घाटापासून एका चालीवर आहे. या महिन्यात मी ती घेतली तर डाव माझा, वरची पायरी माझी. आणि या महिन्यात मी डोंगर सोडला, बिचारी नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली, तर डाव तुझा आणि पायरी तुझी. डाव सोडणारा शिडीच्या तळाला जातो. तू वर बसशील, मी तळाला, आणि हेरफर्डहून एक पोस्टकार्ड येईल. त्यावर गाय असेल.

डंडीच्या मास्तरची गोष्ट तूच मला सांगितली होतीस, लग्नाच्या वाढदिवशी, चिप्स खाता खाता. त्याने स्वतः मेल्याची बातमी बहिणीच्या नावाने शेजारच्या राजाला कळवली. तो भला माणूस, त्याने शोकपत्र धाडलं आणि सैन्य मागे घेतलं. पुढच्या महिन्यात मेलेल्या मास्तराने त्याची तीन शहरं घेतली. भेटीगाठींना अजून त्याच्या नावाने प्याले उचलतात. तू तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होतास आणि म्हणाला होतास, ‘याच्यावर कडी करणारा अजून जन्मायचाय.’

जन्मला म्हणायचं का? तसं असेल तर मी टोपी काढते. मेलेल्याचं सोंग सोपं आहे, घरी येणाऱ्या नवऱ्याचं सोंग कुणी आणलं नव्हतं.

मेव्हिस म्हणते, ‘तू येडी आहेस. माणूस येतो म्हणतोय, दार उघड.’ मी म्हटलं, तुला हा खेळ माहीत नाही. ती म्हणाली, ‘मला क्लेम माहीत आहे. त्याला वाढदिवसाची भेट लपवता येत नाही, कपाटाकडे बघत राहतो.’ पण ते समोरासमोर, क्लेम. समोर तुला काही लपवता येत नाही, म्हणूनच तू पत्रांत एवढा चांगला आहेस. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी फुंकतेय.

खरंच यायचं असेल तर ‘पत्ते बदल’मध्ये छापून आण. तेवढं एकच पान मी मानते. ते दिसलं की मी मानीन. पण त्यासाठी मी हात बांधून बसणार नाही. हे पत्र आणि मॉरिसचे हुकूम एकाच डब्यात टाकतेय. हुकूम काय आहेत ते तुला कळेलच.

खरं असेल तर ये.

डोरीन


टॉडमॉर्डन
२६ मे १९७७

क्लेम,

आज सकाळी ‘खलिता’ आला. छापायचं यंत्र बिघडलं म्हणून उशीर झाला असं मॉरिस लिहितो. तू मधे एक अक्षर लिहिलं नाहीस. पाच आठवडे मी तुला दोन हजार शिव्या दिल्या आहेत, त्यातल्या निम्म्या मेव्हिसने ऐकल्या.

आधी डावाचं पान उघडलं. डोंगर घाटातून उतरला, नदीची राजधानी घेतली. विरोध नाही. पुढे तुझे हुकूम होते. तुझी सगळी सैन्यं राजधानीतून निघून समुद्राच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून. घाटाच्या तोंडाशी एक शिपाईसुद्धा ठेवला नाहीस. असे हुकूम नवशिकाही देत नाही. मला वाटलं मॉरिसकडून छापताना चूक झाली.

मग शेवटचं पान.

‘पत्ते बदल. क्लेमंट ऑर्मरॉड, हेरफर्ड येथून. २८ मेपासून पत्ता:’ आणि खाली माझ्या घराचा पत्ता. नंबर, रस्ता, टॉडमॉर्डन.

मी काउंटरमागे उभी होते. राणीच्या जुबिलीमुळे सध्या सगळ्यांना लाल, पांढरी, निळी लोकर हवी आहे, दुकानात पाच बायका होत्या. मी त्यांच्यादेखत ओक्साबोक्शी रडले. एकीने मला खुर्ची दिली, एकीने छोट्या झेंड्यांची माळ माझ्या मांडीवर ठेवली, का ते देव जाणे. मेव्हिस धावत आली. तिने पान वाचलं आणि पाचही जणींना म्हणाली, ‘काही नाही गं, हिचा नवरा आला. म्हणजे येतोय. आणि ही त्याचं गाव जाळून बसलीय.’

मॉरिसने माझ्या अंकात हाताने लिहिलंय: ‘डोरीनबाई, क्लेमचा पत्ता बदल आणि त्याचे हुकूम माझ्याकडे एकाच पाकिटातून आले, तुमचं पाकीट त्यानंतर सहा दिवसांनी. एक छप्पर, एक राजा. नंतर येणारा डावातून जातो. त्याने तसं स्वतःच लिहून दिलं आहे. मुबारक.’

म्हणजे मी ‘छापून आण’ असं लिहायच्या आधीच तू छापायला दिलं होतंस. मी मागायच्या आधी. आणि ‘ते आपण बघू’ लिहिलंस, गाढवा! ‘मी डाव सोडतो’ असं तीन शब्दांत लिहायला तुझ्या टाइपरायटरला काय झालं होतं? नऊ पानं तिला, आणि मला ‘बघू’!

लिहिलं असतंस तरी मी मानलं नसतं. तुला हे माहीत होतं, म्हणून तू लिहिलं नाहीस. मला हे आत्ता, इथे लिहिता लिहिता कळतंय.

तर मी शिडीच्या सगळ्यात वर आहे. ज्यासाठी तीन वर्षं जळले ते मिळालं. उघड्या दारातून आत शिरून मिळालं, तरी पायरी ती पायरी, पर्थच्या म्हाताऱ्याच्या गणितात उघड्या दाराला वेगळे गुण नाहीत. तू तळाला, ग्रिम्सबीच्या काळ्या रेघेच्या फक्त एक घर वर. मी मॉरिसला लिहून माझा राजीनामा देण्याचा आणि तुला परत बसवण्याचा विचार केला. खरंच केला. चहा मुरेपर्यंत केला. मग प्याले आणि सोडून दिला. मला वर राहायचंय, क्लेम. तू मला खालून बघ. तुला ते शोभेल, आणि तू चढशीलच, मला तू माहीत आहेस.

पण तुझी नदी मॉरिसने कुणाला दिली, वाचलंस? निकाल लागला तरी उरलेल्या चाली खेळायला, सोडलेल्या सिंहासनावर बदली राजा: मिसेस रोझलिंड वेस्टाकॉट! आडनाव बदललंय तिचं. तेही पत्त्याच्याच पानावर आहे, त्यामुळे दातांचा डॉक्टर खरा निघाला. मला त्या बाईला पत्र लिहायचंय, ‘बाजारगप्पां’मधल्या त्या ओळीबद्दल. कठीण जाईल, पण लिहीन. लग्नाची भेट म्हणून लोकरीची शालही पाठवीन. आणि पुढच्याच महिन्यात तिला तिच्या समुद्राच्या टोकावरून पाण्यात ढकलीन. माझ्या छपराखाली बसून तू तिला एक शब्द जरी शिकवलास तर मी मॉरिसला कळवेन. नियम म्हणजे नियम.

तिची पत्रं आता इथे येतील. दारातल्या पायपुसण्यावरून मीच उचलीन. उघडणार नाही. उजेडासमोर धरणार नाही असं मात्र वचन देत नाही.

स्वेटरची बाही काल रात्रीपर्यंत नव्हती, आज एक अर्धी झाली. दुसरी शनिवारपर्यंत कोपरापर्यंत जाईल. तसाच घाल.

आता हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्न पडला. हेरफर्डला टाकलं तर तू निघालेला असशील. म्हणून पाकिटावर तुझा नवा पत्ता घातलाय. कोपऱ्यावरच्या लाल डब्यात टाकते, शनिवारी सकाळी पोस्टमन आणून टाकेल. दीड वर्षात या घरी तुझ्या नावाने आलेलं हे पहिलं पत्र. मी ते उचलणार नाही, पायपुसण्यावरच पडू देईन. तू दारातून आत आलास की आधी वाक, ते उचल, मग वर बघ. मी जिन्यावर असेन.

डोरीन